डावीकडून तीन अक्षरं

एक्सेल उघडा. एका चौकटीत देवनागरीत 'अंधेरी' लिहा आणि शेजारच्या चौकटीत 'लेफ्ट' नावाचं फंक्शन लावून डावीकडून तीन अक्षरं मागा. उत्तर येतं, 'अंध'. 'बोरिवली' दिलं तर 'बोर'. 'घाटकोपर'चा 'घाट'. 'मुलुंड'चं 'मुल', तेही ऱ्हस्व, म्हणजे शुद्धलेखनात आधीच नापास. 'विक्रोळी' दिली की यंत्र म्हणतं 'विक', आणि तिथल्या जागांचे आजचे भाव ऐकलेल्या माणसाला हा सल्ला अगदीच वाईट वाटत नाही. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीकडे निघालात तर वाटेत असल्फ्याला 'असल' मिळतं आणि दोन स्टेशनं पुढे मरोळ येतं. मरोळची डावीकडून तीन अक्षरं 'मरो'. सकाळी साडेनऊला मरोळ नाक्यावर रिक्षात अडकलेला प्रत्येक जण सिग्नलकडे बघून हेच म्हणत असतो. यंत्राने फक्त लिहून दिलं.

मालाडची तर दोन्हीकडून सोय आहे. डावीकडून तीन घेतलीत तर 'माल', उजवीकडून तीन घेतलीत तर 'लाड'. भांडुप मात्र तिनात काही बोलत नाही, नुसतं 'भां' म्हणून थांबतं. एक अक्षर वाढवून दिलं की लगेच 'भांड'.

ज्यांचा प्रोग्रामिंगशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की लांबलचक मजकुरातून हवा तेवढा तुकडा काढून देणारं फंक्शन जवळजवळ प्रत्येक संगणकभाषेत असतं. जुन्या बेसिकमध्ये लेफ्ट, राइट आणि मिड होते, तेच एक्सेलमध्ये आहेत. डावीकडून, उजवीकडून आणि मधून. मिडला दोन आकडे सांगायचे, कितव्या अक्षरापासून आणि किती. जावास्क्रिप्टमध्ये याच कामाला सबस्टर, सबस्ट्रिंग आणि स्लाइस अशी तीन भावंडं आहेत. पहिल्याला 'किती अक्षरं' ते सांगायचं, दुसऱ्याला 'कुठपर्यंत' ते सांगायचं, आणि तिसऱ्याला उणे आकडा दिला तर तो शेवटाकडून मोजायला लागतो. सबस्ट्रिंगला 'पासून' आणि 'पर्यंत' उलटे दिले तर तो मुकाट्याने त्यांची अदलाबदल करून घेतो. इतका समजूतदारपणा आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत एकाकडेही नाही.

आता प्रश्न असा, की 'घाट' तीन अक्षरी कसा? आपल्या डोळ्यांना तो दोनच अक्षरी दिसतो. पण यंत्राच्या लेखी घ वेगळा, काना वेगळा, ट वेगळा. युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी आली ती इस्की या भारतीय सांकेतिक प्रमाणावरून, आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त या सगळ्यांना स्वतंत्र घर मिळालं. त्यामुळे आपण 'मुलुंड' म्हणतो तेव्हा तीन अक्षरं म्हणतो आणि यंत्र सहा मोजतं. बोरिवली आपल्यासाठी चार, त्याच्यासाठी सात. घाटकोपरही सातच, पण त्याचे सांधे इतके चोख आहेत की डावीकडून तीन 'घाट' आणि उजवीकडून चार 'कोपर'. काहीही वाया जात नाही. अंधेरीची उजवीकडून तीन मागा, तर आधी एक पोरकी मात्रा येते. तिला बसायला अक्षर नसतं म्हणून संगणक तिच्याखाली ठिपक्यांचं एक वर्तुळ सरकवतो. लोकलमध्ये चौथ्या सीटवर इतकीच जागा मिळते.

मराठी माणूस असं कधी कापत नाही. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचं पहिलं अक्षर कोणतं, असं कोणत्याही पार्लेकराला झोपेतून उठवून विचारा. तो 'पु' म्हणेल. उकारासकट म्हणेल. यंत्राला विचारलं तर ते 'प' म्हणतं आणि महाराष्ट्राचं लाडकं व्यक्तिमत्त्व प. ल. देशपांडे होऊन बसतं. वि. वा. शिरवाडकर हे व. व. होतात, ग. दि. माडगूळकर ग. द. होतात. चिं. वि. जोशींचे च. व. जोशी होतात, आणि श्री. ना. पेंडश्यांचे श. न. पेंडसे. आचार्य अत्रे प्र. के. चे प. क. झाले तर त्यांनी यंत्राचं काय केलं असतं याची कल्पना करवत नाही. आपण आद्याक्षर घेतो तेव्हा अक्षर त्याच्या संसारासकट उचलतो, ही गोष्ट युनिकोडवाल्यांनाही हळूहळू पटली. २०२३च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीतलं जोडाक्षर मधेच तोडू नये असा नियम आला. पण तो नियम पाळायचा की नाही हे ज्या त्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि एक्सेलचा लेफ्ट अजून जुन्याच सुरीने कापतो.

याचा प्रत्यय आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आला. सभासदांची यादी मराठीत करावी असा ठराव झाला. यादीत पहिला रकाना फ्लॅटचा, दुसरा नावाचा. छापताना रकाना अरुंद पडायला लागला म्हणून आमच्या खजिनदार काकांनी आडनावाची डावीकडची तीन अक्षरंच ठेवली. काका निवृत्त, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असलेले आणि काटकसरी. शाईसुद्धा ते सोसायटीचीच वाचवतात. यादी बोर्डावर लागली. देशपांड्यांचा 'देश' झाला आणि जोश्यांचा 'जोश', तोवर वातावरण राष्ट्रीय होतं. मोऱ्यांच्या 'मोर'वरही कोणी हरकत घेतली नाही. पण पुढे बापटांचा 'बाप', नाइकांचा 'नाई', काळ्यांचा 'काळ' आणि मोडकांचा 'मोड' आला. आणि दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी भिड्यांच्या नावापुढे 'भिड' आणि आपट्यांच्या नावापुढे 'आपट' छापलेलं होतं. वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका याहून नेमक्या शब्दांत आजवर कोणी लिहिलेली नाही.

ऐरोलीच्या आयटी कंपनीत जाणारी चौथ्या मजल्यावरची मुलगी मग मदतीला आली.

"काका, अक्षरं मोजून कापू नका. मधली मोकळी जागा शोधा आणि तिथे कापा."

"कुठली मोकळी जागा?"

"नाव आणि आडनावाच्या मधली हो. फाइंड लावायचं."

काकांनी फाइंड लावलं. पहिल्या मोकळ्या जागेनंतरचं ते आडनाव, असा हिशेब. पण यादी मुलुंडची. अर्ध्या मराठी लोकांनी शाळेच्या हजेरीपटातल्यासारखं आडनाव आधी लिहिलेलं, अर्ध्यांनी शेवटी. वडिलांचं नाव काहींनी घातलं, काहींनी गाळलं. दाक्षिणात्य सभासदांनी नावाआधी दोन-तीन सुटी अक्षरं लिहून आडनावाचा विषयच संपवलेला. गुजराती सभासदांचं मात्र छान जमलं. त्यांच्या पहिल्या नावाला राइट लावून उजवीकडून तीन घेतली की एकाचा 'भाई' निघतो नि दुसरीची 'बेन', आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणांची यादी आपोआप वेगळी होते. पुढच्या पिढीच्या खजिनदारांची मला आत्ताच काळजी वाटते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. निर्णय उत्तम, पण फाइंडला आता एकाऐवजी तीन मोकळ्या जागा ओलांडाव्या लागणार.

जिथे कापायच्या जागा आधीच कोणीतरी ठरवून ठेवल्या आहेत तिथे हीच फंक्शनं सुखाने नांदतात. पिनकोड घ्या. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात काव्यनाटकं लिहिणारे मराठी गृहस्थ. संस्कृतवाल्याने असं सुटसुटीत तोडता येणारं काहीतरी द्यावं याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कारण 'सूर्योदय' कुठेही कापला तरी त्यातून 'उदय' निघत नाही. संधी सोडवायला व्याकरण लागतं, नुसती सुरी चालत नाही. वेलणकरांच्या सहा आकड्यांत मात्र संधी नाही. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. ४०० ही मुंबई आणि पुढचं ज्याचं त्याचं. मुंबईकराने एक्सेल येण्याच्या कितीतरी आधी राइट शिकून घेतलं होतं. मुलुंड पश्चिम म्हणजे मुंबई ८०, पूर्व म्हणजे ८१. घाटकोपर पूर्व ७७, बोरिवली पश्चिम ९२, अंधेरी पश्चिम ५८. लग्नपत्रिकेवर एवढं लिहिलं की आहेर बरोबर पोचत असे.

पॅनकार्ड त्याहून गमतीचं. त्या दहा अक्षरांतलं चौथं अक्षर पी असेल तर तुम्ही व्यक्ती आहात, सी असेल तर कंपनी. म्हणजे आपण माणूस असल्याचा सरकारी पुरावा हवा असेल तर मिड लावून चौथ्यापासून एक अक्षर काढायचं. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. लग्नानंतर बाईने आडनाव बदललं, कार्डावरचं नाव बदललं, तरी क्रमांक तोच राहतो. त्यामुळे सासरच्या सगळ्या कागदपत्रांत माहेर कुठे शिल्लक असेल तर ते पॅनच्या पाचव्या घरात. आयएफएससीचंही तसंच. डावीकडून चार बँक, मग एक शून्य, उजवीकडून सहा शाखा. गाडीच्या पाटीवर एमएचच्या पुढचे दोन आकडे ०२ असले तर अंधेरी, ४७ असले तर बोरिवली. आम्हा मुलुंडकरांना ०३ मिळतं. शेजारी ०४ लागली की ठाणं आलं, आणि मुलुंडकराला ठाणेकर म्हटलेलं जितकं लागतं तितकं दुसरं काही लागत नाही. आमचा वॉचमन या भानगडीत पडत नाही. तो फक्त उजवीकडून चार आकडे घेतो आणि "बावीस-चाळीस कोणाची?" असं खालून ओरडतो. चुकल्याचं ऐकिवात नाही.

रेल्वेने मात्र कोणतं फंक्शन वापरलं ते कळायला मार्ग नाही. अंधेरीचा संकेत एडीएच, बोरिवलीचा बीव्हीआय, मुलुंडचा एमएलएनडी. इतक्या व्यंजनांत मुलुंडचा एकही उकार शिल्लक ठेवलेला नाही. आणि घाटकोपर, ज्याचे इतके सुंदर दोन तुकडे पडतात, त्याला दिलेत जीसी. लेफ्ट लावा, राइट लावा, मिड लावा, इंग्रजी घाटकोपरच्या स्पेलिंगातून सी काही निघत नाही.

कापण्याच्या या धंद्यावर उपनगरांनी पोटही भरलं आहे. अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र आहे. १९७३ला उभं राहिलं. पूर्ण नावात सांताक्रूझ, पत्ता अंधेरीचा, कारण आपल्याकडे नाव आणि पत्ता यांनी एकमेकांना ओळखलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तिकडे परदेशात जुन्या प्रोग्रामरांनी साल लिहिताना जागा वाचवायला डावीकडचे दोन आकडे टाकून दिले होते. १९६८चं नुसतं ६८. मग २००० साल जवळ आलं आणि ००चा अर्थ १९०० की २००० हे सांगायला कोणी उरलं नाही. जगभरच्या कोबोल भाषेतल्या प्रोग्रामांत शिरून ते दोन आकडे परत चिकटवण्याचं काम भारतात आलं, आणि सीप्झच्या गेटवर सकाळच्या रांगा लांबल्या. अंधेरीतल्या कित्येक टू बीएचकेंचा पाया त्या वगळलेल्या एकोणीसवर उभा आहे. रोग पूर्ण गेलाय असं मात्र समजू नका. आजही एक्सेलमध्ये जन्मतारखेत साल नुसतं २९ टाकलं तर ते सहसा २०२९ धरतं आणि ३० टाकलं तर १९३०. जन्मसाल २९ सांगणारे आजोबा सोसायटीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद असले तरी यादीप्रमाणे त्यांचा जन्म व्हायचा आहे.

मोजणी कुठून सुरू करायची याचाही वाद आहे. एक्सेल एकापासून मोजतं, पायथन आणि जावास्क्रिप्ट शून्यापासून. डाइकस्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९८२मध्ये यावर एक टिपण लिहून शून्याची बाजू घेतली. आम्हाला हे टिपण वाचावं लागत नाही. अमेरिकेहून आलेला भाचा 'फर्स्ट फ्लोअर' म्हणून तळमजल्याची बेल दाबतो तेव्हा आपण त्याला शून्य आणि एक यांतला फरक न चिडता समजावून सांगतोच. फ्लॅटच्या क्रमांकातून मजला काढायचा तर उजवीकडचे दोन आकडे सोडून उरलेले घ्यायचे. ७०४चा सातवा, १२०३चा बारावा. हे सूत्र तेरावा मजला येईपर्यंत चालतं. बिल्डरने तेराला घाबरून बारानंतर थेट चौदा लिहिलं की तिथून वर सगळेच एक मजला हवेत राहायला जातात.

पण खरी गंमत, म्हणजे खरा ताप, महिन्याच्या दहा तारखेला असतो. देखभाल शुल्क जमा झालेलं असतं. खजिनदार काका बँकेचं विवरणपत्र उतरवून घेतात आणि त्यातल्या तपशिलाच्या रकान्यातून फ्लॅट नंबर शोधायला बसतात. त्या ओळीत आधी यूपीआय की एनईएफटी ते येतं. मग संदर्भ क्रमांक, यूपीआयचा १२ अंकी, एनईएफटीचा १६ अक्षरी. मग पाठवणाऱ्याचं नाव, तेही बँकेला जेवढं झेपेल तेवढं, बाकीचं कापलेलं. आणि अगदी शेवटी, पैसे पाठवणाऱ्याने टिप्पणीत काही लिहिलं असेल तर ते. इतकं सगळं नियमात बसवून झाल्यावर ज्या एका जागी माणसाला मोकळं सोडलंय तिथे तो काय लिहितो? एक जण 'हाऊस' लिहितो. एक जण 'पेड'. एक 'थँक्यू काका'. एकाने 'काल बोललो ते' असं लिहिलं होतं. एक सभासद दर महिन्याला फक्त नमस्काराचं चित्र पाठवतो. काहींचे पैसे जावयाच्या खात्यातून येतात, काहींचे भाडेकरूच्या, आणि एकीचे न्यू जर्सीतल्या मुलाने इथल्या मित्राला सांगून त्या मित्राच्या बायकोच्या खात्यातून येतात. रक्कम सगळ्यांची सारखी असल्यामुळे तिच्यावरूनही ओळख पटत नाही.

काकांनी यावर मिड आणि फाइंड यांची अशी लांब माळ ओवली की सूत्र वाचायला चष्मा बदलावा लागतो. आधी आडवी रेघ शोध, ती नसेल तर तिरकी रेघ शोध, तीही नसेल तर विंगचा 'बी' शोध. यातल्या 'बी'ने घात केला, कारण तो अर्ध्या बँकांच्या नावात निघाला. मोकळ्या जागा काढायला ट्रिम लावलं, तर त्या जागा वेबसाइटवरून आलेल्या खास जातीच्या, ट्रिमला न दिसणाऱ्या निघाल्या. शोधलेलं सापडलं नाही की एक्सेल लाल डोळे न करता, पण स्पष्ट शब्दांत सांगतं, 'व्हॅल्यू' आणि पुढे उद्गारचिन्ह. मानद खजिनदाराला सोसायटीत काय किंमत आहे हे इतक्या थेट शब्दांत त्यांना फक्त एक्सेलच सांगतं.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "काका, यात फंक्शनची चूक नाही. लोकांनी फ्लॅट नंबर लिहिलेलाच नाही. जे नाहीच ते कुठून कापणार?"

काकांनी त्या दिवशी सूत्र पुसलं आणि वही काढली. आता ते प्रत्येक ओळ वाचतात आणि शेजारी पेन्सिलीने फ्लॅट लिहितात. 'काल बोललो ते' म्हणजे कोण, हे त्यांना लगेच कळतं. काल जिन्यात पंख्याबद्दल कोण बोललं होतं ते त्यांच्या लक्षात असतं. नमस्काराच्या चित्राचाही फ्लॅट त्यांना पाठ आहे. पण काकांचं वय झालं, आणि पुढच्या निवडणुकीत खजिनदार व्हायला अजून तरी कोणी पुढे आलेलं नाही.

तेव्हा सर्व सभासदांना, मग ते मुलुंडचे असोत, बोरिवलीचे असोत की अंधेरीचे, विनंती एवढीच. देखभाल शुल्क पाठवताना टिप्पणीत आधी विंग लिहा, मग आडवी रेघ, मग फ्लॅट नंबर, आणि एक जागा सोडून महिना. 'बी-७०४ जुलै'. बस. आभार मानायचे असतील तर त्यानंतर माना. आणि कृपा करून आधी एक रुपया पाठवून 'मिळाला का?' असं विचारू नका. त्या रुपयाचीही वेगळी पावती करावी लागते.